रानात भरवशाचा चाकू निवडताना

पावसाळा तोंडावर आला की मुंबई-पुण्यातील गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत तरुणांची वर्दळ वाढते. बूट, रेनकोट, विजेरी, दोर यांची खरेदी आटोपली की पाय आपोआप काचेच्या एका कपाटाकडे वळतात. तिथे काळ्या पात्यांचे, पाठीवर करवतीचे दात असलेले, मुठीच्या टोपणात होकायंत्र बसवलेले चाकू मांडून ठेवलेले असतात. डब्यांवर ‘सर्व्हायव्हल नाइफ’ अशी ठसठशीत अक्षरे असतात. त्यातला जो सर्वांत उग्र दिसतो तो हौशी मंडळींना हमखास भुरळ घालतो आणि प्रत्यक्ष प्रसंगी बहुधा तोच आधी दगा देतो.

याचे कारण सरळ आहे. चाकूचा भरवसा ज्या दोन गोष्टींवर ठरतो, त्या दोन्ही गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. पात्याचे पोलाद मुठीच्या आत कुठपर्यंत गेले आहे, ही पहिली. त्या पोलादाला ‘पाणी’ कसे दिले आहे, ही दुसरी. लांबी, रंग, नक्षी आणि नाव या दिसणाऱ्या गोष्टी त्यानंतर येतात. म्हणूनच चाकू घेताना डोळ्यांपेक्षा प्रश्नांवर विसंबणे शहाणपणाचे ठरते.

हा विषय केवळ हौसेचा नाही. २६ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेच्या युटा राज्यातील ब्लू जॉन कॅनियन या अरुंद घळीत एरन राल्स्टन हा २७ वर्षांचा गिर्यारोहक एकटाच उतरला. उतरताना निसटलेल्या सुमारे ३६० किलो वजनाच्या शिळेखाली त्याचा उजवा हात चिरडून अडकला. त्याच्याजवळ एक स्वस्तातले बहुउपयोगी हत्यार होते. विजेरीबरोबर फुकट मिळावे तशा दर्जाचे, असे त्याचे वर्णन राल्स्टनने स्वतःच नंतर केले. त्याच्या छोट्या पात्याने त्याने आधी शिळा टोकरण्याचा प्रयत्न केला. शिळा हलली नाही, पात्याची धार मात्र गेली. अखेर सहाव्या दिवशी त्याने अंगाचा भार देऊन हाताची दोन्ही हाडे मोडली आणि त्याच बोथट पात्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. या १२७ तासांवर २०१० मध्ये निघालेला आणि ए. आर. रहमान यांचे संगीत लाभलेला चित्रपट आपल्याकडेही अनेकांनी पाहिला आहे. चाकू चांगला असता तर तो अडकलाच नसता, असे कुणी म्हणणार नाही. निघताना आपण कुठे जातो आहोत हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते, ही त्याची मोठी चूक होती. पण धार राखण्याची गोष्ट दगडावर घालवली की पुढे काय भोगावे लागते, याचे याहून विदारक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

काम कोणते?

चाकू निवडण्यापूर्वी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे, हे ठरवावे लागते. चित्रपटांतून मनावर ठसलेले श्वापदांशी झुंजण्याचे काम या यादीत कुठेच नाही. वाट चुकल्यावर, पाय मुरगळल्यावर किंवा अंधार पडल्यावर रानात रात्र काढावी लागली तर चाकू लागतो तो दोर कापायला, कापडाच्या पट्ट्या काढायला, मोडलेल्या हातापायाला बांधण्यासाठी काठी तासायला, प्लॅस्टिकचा कागद कापून आडोसा करायला आणि जाळासाठी कोरडे लाकूड मिळवायला.

यातले शेवटचे काम सह्याद्रीतल्या आषाढ-श्रावणात सर्वांत अवघड. सगळे रान भिजलेले असते. पण उभ्या वाळलेल्या फांदीची साल आणि बाहेरचा थर तासून काढला तर आतले लाकूड बहुधा कोरडे निघते. त्याच्या पातळ, कुरळ्या ढलप्या बुंध्याला चिकटलेल्या ठेवून फुलोरा काढला की तो काडीने पेट घेतो. ज्या पात्याने असा फुलोरा निघत नाही ते कितीही भारदस्त असो, रानात निरुपयोगी आहे.

एक काम मात्र चाकूने कधीही करायचे नाही. सर्पदंशाच्या जागी चिरा देऊन विष ‘वाहू द्यायचे’, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. पूर्वी सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराच्या पेट्यांत त्यासाठी एक पातेही दिलेले असे. आजचे वैद्यकशास्त्र या उपायाला सक्त मनाई करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारतातील उपचारपद्धतीच्या मार्गदर्शक सूचनांतही दंशाच्या जागी कापू नये, चोखू नये असे स्पष्ट म्हटले आहे. चिरा देऊन विष निघत नाही, उलट नवी जखम होते. त्यातही घोणस आणि फुरसे हे सह्याद्रीत आढळणारे दोन साप असे आहेत की त्यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा माणसाला चिरा देणे म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घेणे. दंश झालेला अवयव काठी बांधून स्थिर ठेवणे, रुग्णाला चालू न देता उचलून नेणे आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकरात लवकर पोहोचवणे, एवढेच करायचे असते. ती काठी तासून देणे हे चाकूचे काम.

वीतभर नव्हे, मुठीएवढे

कॅनडातील रानविद्येचे ख्यातनाम शिक्षक मॉर्स कोचान्स्की यांनी १९८० च्या दशकात लिहिलेल्या पुस्तकात पात्याच्या लांबीचे एक साधे माप दिले. पाते आपल्या तळहाताच्या रुंदीइतके, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर असावे. ज्या प्रदेशात हिवाळ्यात पारा शून्याखाली कितीतरी अंश उतरतो आणि जाळ पेटला नाही तर माणूस गारठून मरतो, तिथल्या शिक्षकाने हे माप द्यावे, याला महत्त्व आहे. लांब पात्यावर जोर टोकाकडे जातो आणि बारीक काम करताना हात डळमळतो. १० ते १२ सेंटिमीटरच्या पात्याने फळही चिरता येते आणि मनगटाएवढे लाकूडही फोडता येते.

लाकूड फोडण्याची रीत वेगळी आहे. पाते कुऱ्हाडीसारखे आपटायचे नाही. ते लाकडाच्या डोक्यावर आडवे ठेवून त्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत न्यायचे. असे ठोके सोसायचे तर पात्याची जाडी पाठीकडे ३ ते ४ मिलिमीटर असलेली बरी. त्याहून जाड पाते पहारीसारखे होते, तासकाम करीत नाही. ५-६ मिलिमीटरची पाती बाजारात ‘दणकट’ म्हणून खपवली जातात. त्यांनी लाकूड फुटते खरे, पण कांदा कापताना तो चिरला जाण्याऐवजी फाटतो.

टोक मध्यरेषेच्या आसपास असावे, अणकुचीदार असावे, पण सुईसारखे नको, ते मोडते. पाठीवरचे करवतीचे दात शोभेचे असतात. त्यांनी लाकूड कापले जात नाही आणि पाठीवर ठोके देताना तेच दात ठोकायचे लाकूड खाऊन टाकतात. पाठ सपाट हवी. तिची कड काटकोनात ठेवलेली असेल तर तिनेच घासून फेरो रॉडच्या ठिणग्या पाडता येतात आणि धार वाचते.

आता प्रश्न येतो तो आपल्या कोयत्याचा. कोकणातला शेतकरी कमरेच्या लाकडी आकडीत कोयती अडकवून घराबाहेर पडतो आणि त्या एका हत्याराने बांबू तोडतो, नारळ सोलतो, वाट मोकळी करतो. दाट झाडोऱ्यात त्याच्या तोडीचे दुसरे हत्यार नाही, हे मान्यच करायला हवे. मात्र कोयता चालवायला लहानपणापासूनची सवय लागते. दमलेल्या, भिजलेल्या शहरी हातातून तो निसटला तर नडगीवरच बसतो. गावातला वाटाड्या बरोबर असेल तर कोयता त्याच्याकडेच असू द्यावा.

मुठीच्या आत काय आहे?

पात्याचे पोलाद मुठीत शिरते त्या भागाला ‘टँग’ म्हणतात. चाकू मोडतो तो बहुतेक वेळा याच जागी, पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर. टँग मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीची असेल तर चाकू हा पोलादाचा एकच अखंड तुकडा असतो आणि मूठ म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी रिव्हेटने बसवलेल्या फळ्या. मुठीच्या कडेने पाहिले की पोलादाची रेघ सलग दिसते. घरातल्या चांगल्या सुरीचीही हीच रचना असते. वेळ पडली तर फळ्या निखळून गेल्या तरी उघड्या पोलादाला चिंधी गुंडाळून काम चालवता येते.

याच्या नेमकी उलट रचना पोकळ मुठीच्या चाकूंची. १९८२ मध्ये आलेल्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातात असा चाकू झळकला. तो अमेरिकेतील आर्कान्सा येथील कारागीर जिमी लाइल यांनी घडवलेला होता आणि कारागिरीत कुठेही कमी नव्हता. पण त्या चित्रपटानंतर जगभरच्या बाजारात त्याच्या स्वस्त नकलांचा जो पूर आला तो अद्याप ओसरलेला नाही. मुठीत काडेपेटी, गळ आणि दोरा ठेवायचा तर मूठ पोकळ हवी. मूठ पोकळ म्हणजे आत पोलादाला जागाच नाही. पाते बोटभर आखूड शेपटावर, एखाद्या नटच्या वा थोड्याशा डिंकाच्या आधारावर उभे राहते. लाकडावर दोन-चार ठोके बसले की ते डुलू लागते. काडेपेटी आणि गळ सॅकच्या खिशातही राहू शकतात, त्यासाठी पाते मोडके घेण्याचे कारण नाही.

मग टँग पूर्ण नसेल तो प्रत्येक चाकू टाकाऊ म्हणायचा का? तसेही नाही. स्वीडनमधील दालार्ना प्रांतातल्या मोरा गावच्या नावाने ओळखले जाणारे चाकू हे याचे उत्तम उदाहरण. त्यांतल्या नेहमीच्या वापराच्या चाकूंत पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, मूठ प्लॅस्टिक-रबराची आणि किंमत माफक. पाते सुमारे १० सेंटिमीटर लांब व जेमतेम अडीच मिलिमीटर जाड. तरीही सुतार, कोळी, सैनिक आणि रानविद्येचे विद्यार्थी ते वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. कारण त्यातली टँग अरुंद असली तरी पुरेशी लांब असते, मूठ तिच्याभोवती घट्ट ओतलेली असते आणि पोलादावरची प्रक्रिया चोख असते. थोडक्यात, अरुंद टँग चालते, आखूड आणि सैल चालत नाही. ज्या विक्रेत्याला मुठीच्या आत काय आहे हे सांगता येत नाही, त्याच्याकडून न घेतलेले बरे.

दुकानात एक साधी पारख करता येते. मूठ एका हाताने घट्ट धरून पात्याचा सपाट भाग लाकडी फळीवर हलकेच दाबावा आणि सांध्याकडे कान द्यावा. किंचितही कुरकुर किंवा हालचाल जाणवली तर चाकू परत ठेवावा.

पोलाद आणि ‘पाणी’

जाहिरातींत सर्वाधिक गाजावाजा पोलादाच्या नावाचा होतो. ४२०, ४४०-सी, डी-२, १०९५ अशा आकड्यांनी गिऱ्हाईक गांगरून जाते. ही नावे त्या पोलादात काय मिसळले आहे एवढेच सांगतात. १०९५ मध्ये सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळजवळ नसतेच. ४४०-सी मध्ये कार्बन त्याच्याच आसपास, पण क्रोमियम सुमारे १७ टक्के असते. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेले की पोलादाला ‘स्टेनलेस’ म्हणण्याचा प्रघात आहे.

पण डाळ-तांदूळ सारखेच असले तरी दोन घरची खिचडी एक होत नाही. तोच न्याय पोलादाला लागू आहे. पाते ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम थंड केले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. मग ते पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. पोलादाच्या जातीनुसार हे आकडे बदलतात, क्रम तोच राहतो. आपल्या लोहारांच्या भाषेत याला ‘पाणी पाजणे’ म्हणतात, आणि पाणी चढले की उतरवायचेही असते हे गावचा लोहार शाळेत न जाता जाणतो. पहिली पायरी फसली तर धार टिकत नाही. दुसरी चुकवली तर पाते एखाद्या थंडीच्या सकाळी ठोक्यासरशी दोन तुकडे होते.

नेपाळची खुकरी हे या विद्येचे उत्कृष्ट उदाहरण. तिथले लोहार ती बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून घडवतात. आपल्याकडचे कोयतेही असेच ‘पाट्याचे’ असतात. या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्के. धक्के सोसण्यासाठीच ते बनवलेले असते. घडवून झालेली लाल खुकरी हौदात बुडवण्याऐवजी लोहार किटलीतून पाण्याची धार फक्त तिच्या कडेवर सोडतो. त्यामुळे कड कठीण होते आणि पाठ मऊ, चिवट राहते. नव्या नावाच्या महागड्या पोलादाने जे साधते, ते भंगारातल्या पाट्याने आणि अनुभवी डोळ्याने साधते. डोळा अनुभवी हवा, एवढीच अट. पर्यटनस्थळी शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या खुकऱ्यांना ही अट लागू नाही.

कारखान्यात तयार झालेल्या चाकूवर कठीणपणा ‘रॉकवेल’ मापनात दिलेला असतो. रानातल्या कामासाठी ५६ ते ६० या दरम्यानचा आकडा योग्य. त्याखाली धार लवकर जाते आणि फार वर गेले की कड टवके उडवते, शिवाय मुक्कामी धार लावणेही जमत नाही. आकडा दिलेलाच नसेल तर बारीक कानस धारेच्या मागच्या भागावर हलके फिरवून पाहता येते. ती घसरत गेली तर पात्याला पाणी आहे. लोखंडी खिळ्यात रुतावी तशी रुतली तर नाही. पाते ‘दमास्कस’ आहे म्हणून किंमत चढी सांगितली जात असेल तर विशेष सावध राहावे. पृष्ठभागावर आम्लाने उमटवलेली वेलबुट्टी आणि खरोखरच थर घडवून आणलेली नक्षी यांत सामान्य गिऱ्हाइकाला फरक करता येत नाही, आणि चाकूच्या कामाशी दोहोंचाही फारसा संबंध नसतो.

स्टेनलेस घ्यावे की साधे कार्बनचे? हा वाद जगभर चालतो. महाराष्ट्रापुरते त्याचे उत्तर हवामानच देते. साधे कार्बनचे पोलाद चिवट असते, दगडावर झटपट धार घेते. पण कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा घाटमाथ्यावरच्या सततच्या धुक्यात त्यावर रात्रीतून गंजाचे ठिपके उमटतात. जो माणूस प्रत्येक वापरानंतर पाते पुसून तेलाचा हात फिरवील त्याने ते जरूर घ्यावे. बाकीच्यांनी चांगले पाणी दिलेल्या स्टेनलेसचाच विचार करावा. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असे नाही. ते उशिरा गंजते. लडाख-स्पितीच्या कोरड्या थंडीत हा प्रश्न तितकासा पडत नाही. तिथे काळजी घ्यायची ती ठिसूळपणाची.

घडीचा चाकू

खिशात मावणारा घडीचा चाकू सोयीचा असतो यात शंका नाही. कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमध्ये १८८४ साली कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये दुसरे छोटे पाते आणि बूच काढण्याचा स्क्रू जोडलेल्या त्या प्रसिद्ध ‘ऑफिसर’ चाकूची नोंदणी केली. तेव्हापासून हा छोटेखानी सोबती कोट्यवधी खिशांत फिरतो आहे. पट्टा तुटला, काटा रुतला, डबा उघडायचा आहे, अशा रोजच्या अडचणी तोच सोडवतो.

मात्र घडीच्या चाकूत पाते आणि मूठ यांच्यामध्ये एक बिजागरी असते आणि कितीही उत्तम असली तरी ती बिजागरीच. लाकूड फोडण्याचे काम तिच्यावर टाकू नये. ज्यात पाते उघडल्यावर खटक्याने अडकत नाही असा चाकू टोचण्याच्या कामात उलटा मिटून बोटांवर येतो. रामपुरी हा आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध घडीचा चाकू. त्याची कीर्ती हिंदी चित्रपटांनी वाढवली, रानाशी तिचा संबंध नाही. दोन्ही बाळगणे शक्य असेल तर कमरेला अखंड पात्याचा आणि खिशात घडीचा ही जोडी आदर्श. एकच घ्यायचा असेल तर अखंड पात्याचा.

मूठ, म्यान आणि रंग

मूठ ओल्या, थंड हातात घसरता कामा नये. गुळगुळीत पॉलिश केलेले शिसवी लाकूड किंवा पितळी मूठ दुकानात देखणी दिसते, पावसात साबणासारखी सटकते. बोटे पुढे धारेवर जाऊ नयेत म्हणून मुठीला पुढच्या बाजूस छोटासा उंचवटा हवा. बोटांसाठी खोल खाचा कोरलेल्या मुठी टाळाव्यात, त्या एकाच पकडीत बसतात आणि एरवी टोचतात. काळा किंवा लष्करी हिरवा रंग रुबाबदार खरा, पण पाचोळ्यात पडलेला असा चाकू शोधता शोधता संध्याकाळ होते. भडक नारिंगी मूठ घ्यावी. कुणी हसले तर हसू द्यावे.

म्यान हा चाकूचा अर्धा भाग समजावा. उलटे धरून हलवले तरी चाकू बाहेर पडू नये आणि एका हाताने सहज काढता यावा, इतके ते नेमके असावे. चामड्याचे म्यान सुरेख असते, पण ओल धरते आणि चाकू त्यातच ठेवला तर आतल्या आत गंजतो. पावसाळी भटकंतीसाठी कठीण प्लॅस्टिकचे आणि तळाशी पाणी निघायला छिद्र असलेले म्यान उत्तम.

धार

कुठल्याही चाकूची कंपनीकडून आलेली धार काही दिवसांची पाहुणी असते. ती पुन्हा लावता येणे ही चाकू बाळगण्याची पात्रता मानायला हवी. बोथट पाते जास्त जोर मागते, जास्त जोर दिला की ते घसरते आणि घसरले की बहुधा धरणाऱ्याच्या मांडीत किंवा डाव्या हातात शिरते. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. तिथली जखम रुग्णालयापासून सहा तासांच्या अंतरावर जीवघेणी ठरू शकते. म्हणून बसून काम करताना पाते दोन्ही मांड्यांच्या मधल्या जागेत कधीही चालवू नये. कोपर गुडघ्यांवर टेकवून, हात पुढे काढून आणि पाते अंगापासून दूर नेत काम करावे.

धार लावण्यासाठी गल्लीत येणाऱ्या चाकवाल्याकडे असा चाकू देऊ नये. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर कड तापते, निळसर होते आणि तिथले पाणी उतरते. निसणा, म्हणजे धारेचा साधा सपाट दगड, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांतून सहज मिळतो. एक बाजू खरखरीत, एक मऊ असा घ्यावा. दगड ओला करून पाते त्यावर साधारण २० अंशांच्या कोनात, दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-बारा वेळा ओढले की कडेवरचा बारीक पापुद्रा निघून जातो. वहीचा कागद न फाटता सरळ चिरला गेला की धार झाली. मुक्कामी दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत, बिनचकाकीची कडही वेळ निभावून नेते. तेल शिलाईच्या यंत्राचे चालते. खोबरेल थंडीत थिजते.

कायदा काय सांगतो?

चाकू विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोडे या अंगाचा विचार करतात, आणि अडचण येते ती इथेच. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा, खुकरीसह, शस्त्रांत समावेश आहे. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. शेतकऱ्याचा कोयता त्यामुळेच शस्त्र ठरत नाही. तोच कोयता शहरातल्या बसस्थानकावर सॅकमधून डोकावू लागला तर तो शेतीसाठी आहे हे पटवून देणे कठीण जाईल. १० सेंटिमीटरचे पाते या मर्यादेत सहज बसते.

तेवढ्याने काम संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७ व्या कलमानुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रे, सुरे, लाठ्या बाळगण्यास मनाई करू शकतात. सणवार आणि निवडणुकांच्या आसपास असे आदेश वारंवार निघतात. प्रवासात चाकू कमरेला न लावता म्यानासह सॅकच्या तळाशी बांधून ठेवावा, तो या कारणासाठीही. विमानाने जाताना तो हातातल्या सामानात चालत नाही, विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानातच ठेवावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, सापळे, जाळी यांच्या जोडीने चाकूही येतो, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश करण्यास ३१ व्या कलमाने मनाई आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच तरतूद लागू होते. या कलमात पात्याच्या लांबीची सवलत दिलेली नाही. सह्याद्रीतल्या भटकंतीच्या आवडत्या जागांपैकी कितीतरी अभयारण्यांच्या हद्दीत आहेत, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई एका अभयारण्यात, भीमाशंकरचे रान दुसऱ्यात, वासोटा कोयनेच्या अभयारण्यात. वासोट्याला जाण्यासाठी वन खात्याची परवानगी घ्यावीच लागते. तिथे चाकूचाही उल्लेख करून विचारणा करणे इष्ट. झाड तोडणे आणि जाळ करणे यांवरही अशा ठिकाणी निर्बंध असतात, तेव्हा तासकामाचा सराव करण्याची ती जागा नव्हे. त्यासाठी गावाकडचे परसू, मित्राचे शेत किंवा इमारतीच्या आवारात छाटून टाकलेल्या फांद्या पुरेशा आहेत. नवा चाकू घेतल्यावर पहिल्या आठवड्यात तिथे एखादी ओली फांदी फोडून आतला कोरडा गाभा काढून पाहावा, फुलोरा काढावा, मग धार तपासावी आणि मुठीच्या सांध्याकडे पुन्हा एकदा कान द्यावा. कुरकुर ऐकू आलीच तर पावती जपून ठेवलेली असावी.